नमुना क्रमांक सात

माहूलच्या खाजणातून आणलेल्या गाळाच्या
बारा बाटल्या होत्या आमच्या प्रयोगशाळेत,
खिडकीखालच्या फळीवर, मोडक्या तराजूंच्या पेट्यांशेजारी.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, तारीख, ओहोटीची वेळ
आणि हर्षिला नाखवाचं तिरकं अक्षर.

सातव्या बाटलीवर तारीख नव्हती.
ती तिच्या आईनं भरलेली.

हर्षिला आणि मी गमबूट घालून काठावरच उभे होतो,
हातातलं यंत्र उपग्रह शोधत होतं.
धाकलीबाय लुगडं खोचून तिवरांच्या आत गेली,
अंगठ्यानं चिखल चाचपला,
कोपरापर्यंत हात घातला
आणि तिथूनच ओरडली,
इथला घ्या. यो मेलाय.

आमच्या यंत्रानंही तेच सांगितलं.
सतरा दिवसांनी,
शिसं, कॅडमियम अशी नावं घेत.

चहा पिताना तिनं चिखलाची नऊ नावं सांगितली.
पाय देणारा.
पाय धरून ठेवणारा.
निवट्यांचा.
जाळं खाणारा, आणि त्याचा धाकटा भाऊ,
जो फक्त दोरी खातो.
बाकीची मला उच्चारता येत नाहीत.
हर्षिलानं बसल्या बसल्या तक्ता आखला,
डावीकडे आईचा शब्द, उजवीकडे आमचे आकडे.
नऊपैकी आठ ओळी जुळत होत्या.
नववीत चूक आमची निघाली.

शोधनिबंध परत आला तेव्हा समासात लिहिलं होतं:
तक्ता दोन विषयाशी असंबद्ध, वगळावा.
सहलेखकांच्या रकान्यात धाकलीबायचं नाव होतं,
त्यापुढे लाल तारा. संस्था?
यादी खाली खाली सरकवत गेलो,
विद्यापीठं संपली, रुग्णालयं संपली,
खाडी नव्हती.
हर्षिला म्हणाली, सर, राहू दे.
ती असं म्हणाली हे खरं आहे.
माझ्या पदोन्नतीला तीन गुण कमी पडत होते
हेही.

तक्ता मी वगळला.

मराठीच्या गुर्जरपाध्ये बाईंना वार्षिक अंकात
एक पान भरायचं होतं,
श्रमसंस्कार शिबिराचा वृत्तांत आखूड पडला म्हणून.
हर्षिलानं तोच तक्ता दिला.
प्रभादेवीच्या छापखान्यात त्याच्या रेघा गळल्या,
आकडे गळले,
उरल्या नुसत्या डाव्या बाजूच्या ओळी,
एकीखाली एक.
बाईंनी मुद्रितं तपासताना चष्मा वर केला,
पुन्हा वाचलं,
आणि पान उचलून कविता विभागात टाकलं.
तिथं प्रत्येक नावापुढे वर्ग लागतो.
जुळणी करणाऱ्या पोरानं लावला:
धाकलीबाय नाखवा, टी.वाय.बी.एस्सी.

अंकाला शुद्धिपत्र होतं, आठ चुकांचं.
ही नवव्वी कुणी त्यात घातली नाही.

बक्षीस समारंभाला ती पाटी शेजारणीकडे ठेवून आली,
आंबाडा, अबोलीची वेणी, हाताला लिंबू चोळलेलं.
दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं.
नावाफुडं काय हाय?
हर्षिलानं वाचून दाखवलं.
ती इतकी हसली की प्राचार्य भाषणात अडखळले.
मंग परीक्षा कदी? तिनं विचारलं,
आणि मी, बावीस वर्षं परीक्षा घेणारा,
टाळ्या वाजवत राहिलो.

निबंध छापून आला. चौघांनी त्याचा आधार घेतला.
तीन गुण मिळाले.

परवा तावडे म्हणाला, समिती येतेय पाहणीला,
या चिखलाच्या बाटल्या काय करू?
मी सातवी उचलली,
कपाटात ठेवली, पदोन्नतीच्या फायलीमागे.
बाकीच्या अकरा त्यानं बेसिनमध्ये ओतल्या,
वरून नळ सोडला, बराच वेळ.

ती नळी कुठे जाते
हे मी त्याला विचारलं नाही.
मला माहीत होतं.