राखेची वाट

केम्पेनची जमीन रेताड,
मुठीत धरली तर मुठीत राहत नाही.
गिरमिट फिरवायला इथे जोर लागत नाही.
दर वीस सेंटिमीटरला थांबून
पन्हळीत ओळीने मांडत जाते मी माती:
काळी, करडी, मग गंजाच्या रंगाची,
आणि एक मीटर दहावर पाणी.

गोमार कुंपणाशी उभा. वय एक्याऐंशी.
त्याचे वडील जस्ताच्या भट्टीवर होते.
शनिवारी सुटताना हातगाडीभर राख फुकट मिळायची,
कडक, खडबडीत, पावसात चिखल न होणारी.
"गल्लीतली पहिली सुकी वाट आमची," तो सांगतो.
"शेजारणी बघायला यायच्या.
आईने त्या दिवशी चर्चचे बूट घातले,
दारापासून फाटकापर्यंत चालली,
आणि परत आली."

कॅडमियमला घाई नसते.
आंबट मातीत ते सुटं होतं, पावसाबरोबर उतरतं,
मुळांतून वर चढतं,
आणि माणसात शिरलं की मूत्रपिंडात बिऱ्हाड करतं,
वीस-तीस वर्षं, भाडं न देता.
हे वाक्य मी अहवालात लिहिलं होतं.
वरून खोडून आलं.

बाटल्या दोन.
धातूंसाठी प्लॅस्टिकची, तळाशी ॲसिडचे थेंब.
दुसरी तपकिरी काचेची,
कोपऱ्यावर पूर्वी ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं त्याच्या नावाची.
ती काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी धरायची:
बुडबुडा राहता कामा नये.
बुडबुड्यात जे निसटतं
तेच तर मोजायचं असतं.

दर ऑक्टोबरला गोमार लीकची जुडी देतो,
लांब, पांढऱ्या मानेची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
"सूप कर. वरून जायफळ."
पुढच्या खेपेला विचारतो, कसं झालं सूप?
"छान झालं."

सूप झालंच नव्हतं.
सोललं, धुतलं, वाळवलं, दळलं,
ॲसिडात उकळलं, यंत्रात घातलं.
आकडा आला, मर्यादेच्या दुपटीहून थोडा वर.
अहवालात तो बाग क्रमांक एक्केचाळीस,
नकाशावर एक ठिपका, मुद्दाम जरा सरकवलेला.
नियम तसा आहे. नियम चांगलाच आहे.

तीन वर्षं, तीन जुड्या, तीनदा "छान".
पाणी कुठे मुरतं ते शोधायचा पगार मला मिळतो,
आणि मुरवत मीच होते.

या वर्षी राख काढायला माणसं आली.
अर्ध्या दिवसात वाट उचलून ट्रकमध्ये.
खाली पांढरी वाळू,
त्याच्या आईच्या चालण्याआधीची.
मी म्हटलं, गोमार, लीक खाऊ नका.

तो जुडीला सुतळी बांधत होता. हात थांबला नाही.
"गोडेलीव्ह गेली तेव्हापासून
मी दुकानातलेच आणतो.
हे लावतो, तिचा वाफा रिकामा दिसू नये म्हणून."
मग मला का दिलेत?
"तुमच्याकडे यंत्र आहे ना."
गाठ मारली. दुसरी मारली.
"विचारलं असतं तर तू आकडा सांगितला असतास.
आकडा मला समजत नाही. सूप समजतं.
ती चाळीस वर्षं इथलंच खात होती,
शेवटी मूत्रपिंडंच गेली.
तू म्हणालीस छान झालं,
तेव्हा मी घरात जाऊन बसलो,
म्हटलं, वाफ्याचा दोष नाही.
वडिलांचाही नाही."

ट्रक मागे घेताना टूं टूं वाजत राहिला.

मला काही बोलता आलं नाही.
नळी विहिरीत सोडली, पाणी ओढलं,
तपकिरी बाटली भरली, झाकण लावलं, उलटी धरली.
एक बुडबुडा होता, मोहरीएवढा.
गोमारलाही दिसला.

ओतून दिली.
पुन्हा भरायला वाकले.