पाच बिया

आमोण्याच्या धक्क्यावर बार्ज रिकामी उभी होती,
तेव्हा बोस्त्यांवने पिशवीतून बाटली काढली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दारू असावी तशी.
शांघायहून आणली, म्हणाला. तिथले म्हातारे उघड घेतात
आणि तरुण लपून.

आत मिरीएवढ्या काळ्या गोळ्या.
मधाचा वास, त्याखाली जुन्या कपाटाचा.
सोबतच्या कागदावर मला एवढंच वाचता आलं :
सहा, आणि दोन वेळा.
बाकीची अक्षरं म्हणजे
खिडक्या लावून घेतलेली घरं.

वीस वर्षं मी ह्या नदीतून लाल माती नेली,
बंदराबाहेरच्या जहाजांत ओतली. ती तिकडेच जायची.
अख्खा डोंगर दिला आम्ही.
त्याची पोच म्हणून ही बाटली आली
असं धरायला हरकत नाही.

पाच बिया असतात म्हणे हिच्यात.
त्याने बोटांवर मोजल्या, दोन विसरला.
त्यांच्याकडे बी आणि मुलगा
एकाच अक्षराने लिहितात, हे मात्र त्याला पाठ होतं.
आणि एक बी अमरवेलीची.

अमरवेलीची!
जिला मूळ नाही, पान नाही,
जी आमच्या जास्वंदीचा रस पिऊन पिवळी होते,
जी सुलक्षा दर रविवारी ओरबाडून काढते
आणि रस्त्यापलीकडे फेकते,
पुन्हा चिकटू नये म्हणून.

म्हापशाच्या डॉक्टरचा रिपोर्ट
मी इंजिनाजवळ, ग्रीसच्या डब्यामागे ठेवलाय.
संख्या कमी. चाल मंद.
बार्जवरच्या माणसाला मंद चाल कळते,
ओहोटी लागली की आम्हीही
गाळात टेकून बसतो.
घरी बोललो नाही.
सहा वर्षं सातेरीला पाकळ्या लावल्या त्या तिच्या नावाने,
उजवी पडली, डावी पडली,
उपास तिने केले,
मी देवळाबाहेर चपला सांभाळत उभा.

गोळ्या पहाटे घ्यायचो, नळ सोडून.
बाटली वाजते.

मग परवा रात्री बांगडे साफ करताना,
गाबोळी वाटीत वेगळी काढत,
मागे न वळता ती म्हणाली,
"काल सहाच घेतल्यास. संध्याकाळच्या राहिल्या.
मी मोजते."

कधीपासून, हे मी विचारलं नाही.
नळ चालू होता. तो तिनेच बंद केला.

गुण आला का, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.
बाटलीत तळाला थोड्या उरल्यात.
आज रविवार. कुंपणाशी ती बराच वेळ होती.
जास्वंद मोकळी झालीय,
फक्त फाटकाकडच्या फांदीवर
वीतभर पिवळा दोरा
तिने राहू दिलाय.