बाजूला ठेवलेली चिठ्ठी

नवापूरला, रंगावलीच्या अलीकडे,
चर्चच्या मागच्या खोलीत
शनिवारी साडेसहाला आम्ही प्रश्न घेतो.
कुणीही यावं, विश्वास नसणाऱ्यांनी तर यावंच,
असं पाळकसाहेबांनी फळ्यावर लिहवून घेतलंय
माझ्याकडून, अक्षर बरं म्हणून.

प्रश्न तोंडी नाही. चिठ्ठीवर, नाव न घालता,
तुरडाळीच्या पत्र्याच्या डब्यात.
शुक्रवारी रात्री डबा माझ्या घरी येतो,
आणि मी निवडतो.
बायको डाळ निवडते त्याच टेबलावर.
ती खडे काढते. मी काय काढतो
ते मलाही नीट सांगता येत नाही.

शिवी असेल तर बाजूला.
नुसतं डिवचलेलं असेल तर बाजूला.
'तुमच्या देवाला मावची येते का?'
ठेवला. पाळकसाहेबांना येत नाही, पण ठेवला.
'प्रार्थनेनं ताप उतरतो तर चिंचपाड्याला दवाखाना कशाला?'
ठेवला. सुशीलाबाई उत्तर देतील,
तीस वर्षं नर्स होत्या, चिडत नाहीत.
'नरकात जागा कीती?'
ठेवला, ऱ्हस्व-दीर्घ सुधारून.
'दारू सुटली म्हणून बाप्तिस्मा, की बाप्तिस्म्यानं दारू सुटली?'
हा माझ्या मेव्हण्याचा. त्याचा 'द'
मी तिसरीपासून तपासतोय.

मग वहीचं एक पान, चार घड्या घातलेलं:
'पडणारी एकेक चिमणी त्याला ठाऊक असते म्हणे.
मग साथीच्या साली कोंबड्या खड्ड्यात घातल्या
त्या कुणी मोजल्या?'

वाचलं आणि रतिलालभाई गावितच दिसला मला,
पहिल्या बाकावर, टाचा जुळवून बसलेला.
त्याच्या शेडवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली होती
मास्क लावून, पोती घेऊन.
पुढं दोन वर्षं त्यानं अंडं खाल्लं नाही.
कोण हा मेल्या कोंबड्या उकरून काढणारा?
अक्षर कोवळं होतं, ओळखीचं नव्हतं,
पण लिहवून घेणारा देसलेच, म्हटलं.
पशुसंवर्धनातून निवृत्त, धुळ्याचा, कशालाच न मानणारा,
मांडीवर छत्री आडवी घेऊन शेवटच्या खुर्चीत बसणारा,
दर शनिवारी उठता उठता
'उत्तर काही आलं नाही' एवढंच म्हणणारा.
चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात घातली.

शनिवार छान झाला. मावचीवर सगळे हसले,
पाळकसाहेबसुद्धा.
फाटकाशी रतिलालभाई, गाडी चालूच ठेवून:
'सर, माझा प्रश्न नाही निघाला.
पोरीकडून लिहून घेतला होता. कोंबड्यांचा.'
डब्याच्या तळाला चिकटला असेल, म्हणालो.
चिठ्ठी खिशातच होती, घामानं मऊ झालेली.

पुढच्या शनिवारी पहिला तोच वाचला.
पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
सुशीलाबाई काही बोलल्या नाहीत.
कुणीतरी 'त्याची योजना' इथवर आलं
आणि तिथंच थांबलं.
पंखा तेवढा खडखडत होता.

देसले उठला.
मी हात वर केला, त्याला बसवायला,
वर्गात करायचो तसा.
'मोजेल शेतस,' तो म्हणाला.
सभेत तो अहिराणी कधी बोलत नाही.
'मीच मोजेल शेतस. रजिस्टर मनाकडे व्हतं.'
मग मराठीत, पाठ केल्यासारखं:
'गावित यांचं शेड. नऊ हजार दोनशे सोळा.
आकडा जुळेना म्हणून पहाटेपर्यंत
तीनदा मोजल्या. पोत्यात घातलेल्यासुद्धा.'

रतिलालभाई वळला. बाक करकरला.
'सतरा,' तो म्हणाला.
'एक पोरीनं लपवली होती. कपड्यांच्या पेटीत.'

देसले उभाच. छत्री खाली पडली होती,
उचलली नाही.
'तिचं काय झालं?' त्यानं विचारलं.

हा प्रश्न चिठ्ठीवर नव्हता.
डब्यातून आला नव्हता.
माझा हात अजून वरच होता,
तो मी खाली घेतला.