बटाट्यांच्या कोठाराची किल्ली

थडग्याच्या दगडावर कुठलं साल कोरायचं
यावरून मामा आणि पाथरवट तासभर भांडले.
पासपोर्ट म्हणत होता एकोणीसशे दहा.
पणजी म्हणायची, त्या हिवाळ्यात पाद्री आजारी होते,
नोंद दोन वर्षं उशिरा झाली.
शेवटी नुसतं नाव राहिलं: देस्पिने.
सालाची जागा कोरी.
बर्फ साचायला बरी.

रिओनी नदीच्या वरच्या अंगाला आमचं गाव,
बत्तीस चुली, एक चर्च.
तिच्या लहानपणी घंटा उतरवली,
कुणी म्हणतं वितळवली, कुणी म्हणतं नदीत आहे अजून.
मग दारावर पाटी आली:
सामुदायिक शेती, बटाटा कोठार क्रमांक दोन.
कोठाराला राखणदार हवा होता.
पगार कमी, आत थंडी मरणाची,
कुणी हात वर करेना.
हिनं केला.

एकोणचाळीस वर्षं
तिनं देवाच्या घरात बटाटे तोलले.
पोत्यांमागच्या भिंतीवर एक संत होता,
कमरेच्या वर चुना फासलेला,
खाली नुसते पाय, अनवाणी.
त्या पायांपाशी तिनं कधी पोतं लावलं नाही.
ओल येते तिथे, म्हणायची.
तराजूवर माप टाकताना ओठ हलायचे,
उपालो शेग्विट्सकाले, उपालो शेग्विट्सकाले,
प्रभू, दया कर, प्रभू, दया कर.
अध्यक्षांना वाटे, बाई आकडे मोजतेय.
हिशोबात किलोची चूक सापडली नाही,
म्हणून तिला लाल फीत मिळाली, आणि एक भिंतीवरचं घड्याळ.
घड्याळ तिनं डुकरांच्या खोपटात टांगलं.

नवरा केर्चच्या लढाईत राहिला.
चार ओळींचा कागद आला,
तो तिनं पोस्टमनकडून वाचून घेतला नाही.
देस्पिनेला अक्षर येतं
हे गावाला त्या दिवशी कळलं.
कुठे शिकली, कुणी विचारलं नाही. काळच तसा होता.

मायाळू वगैरे नव्हती ती.
मोठ्या उपासात मी चोरून चीज खाल्लं
तेव्हा पोटऱ्यांवर खाजकुइली फिरवली,
आणि रात्री त्याच पोटऱ्यांना
अक्रोडाचं तेल चोळत बसली,
न बोलता.
राजमा भरलेली भाकरी ती अशी थापायची
की कडेपर्यंत राजमा पोचायचा.
कड कोरडी राहिली तर म्हणायची,
गरिबाच्या वाट्याला कडच येते.

मी अकरा वर्षांची असताना डोंगर हलला.
भर दुपारी. कोंबड्या आधी गप्प झाल्या.
चर्चच्या तीन भिंती बसल्या, चौथी जरा विचार करून बसली.
धूळ खाली आली तेव्हा पाहिलं,
दार उताणं पडलेलं, चौकटीसकट,
कुलूप लागलेलंच.
ऐंशी ओलांडलेली ती दगडांवरून चढत गेली,
कुणाचा हात धरला नाही.
गुडघे टेकले. पदरासारख्या त्या काळ्या रुमालातून
किल्ली काढली.
जमिनीवर पडलेलं दार उघडलं.
खाली माती होती.
ती वाकून बघत राहिली,
जशी विहिरीत बघतात.

नवीन चर्चला पत्र्याचं छप्पर, नवं कुलूप,
तरुण पाद्री, म्हणतो, आजी, बसून घ्या.
ती बसली नाही. वीस वर्षं.

शेवटच्या शरदात तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली,
वीतभर, जड, खिशात राहिल्यामुळे कोमट.
मी विचारलं, हिचं काय करू?
तेल घालत जा, म्हणाली, आणि कूस बदलली.

तिबिलिसीत आमच्या नवव्या मजल्यावर
मी शनिवारी किल्लीला सूर्यफुलाच्या तेलाचा थेंब लावते.
मुलगा विचारतो, कुठल्या दाराची?
बटाट्यांच्या कोठाराची, मी सांगते.
एवढी मोठी? तो म्हणतो.
कोण चोरणार होतं बटाटे?