हिलाल बँड, बसून

धरणगावच्या वाचनालयाचा वरचा हॉल,
साठ खुर्च्या, पाठीवर पांढऱ्या रंगात 'सोनवणे मंडप'.
साडेपाचलाच जाऊन मी पुढच्या रांगेत रुमाल टाकला.
वीज मंडळात अठरा वर्षं झालेल्या बाईने
एसटीसारखी जागा धरावी, याची थोडी लाज वाटली.
टाकला तरीही.

न्यू हिलाल ब्रास बँड, पारोळा.
यातल्या 'न्यू'लाच आता त्रेचाळीस वर्षं झाली.

आमच्या गल्लीला दोन तोंडं होती.
वरात मारुतीकडून शिरायची, पिठाच्या गिरणीपाशी वळायची,
मधे जेमतेम सव्वा मिनिट.
मी गच्चीच्या कठड्याला पोट टेकून.
क्लॅरिनेट चढत चढत यायचं
आणि आता काहीतरी होणार, नेमकं तेव्हाच
घोडा गिरणीकडे वळायचा.
पुढचं मी लावायचे, मनाने:
भांडी घासताना एक शेवट,
बारावीच्या पेपरात एक,
तापात पडले तेव्हा फार लांबलचक एक.

स्वतःच्या लग्नात हट्टाने हिलालच सांगितला.
पण नवरी आतल्या खोलीत असते.
दाराशी सूर आले, चढले,
आणि कुणीतरी ओरडलं, बंद करा रे, मुहूर्त टळतोय.

आज मास्तर आले, युसूफ मास्तर,
लाल कोट, एका खांद्याची झालर गेलेली.
मागून बारा जण, आणि सगळे उभेच.
बसा ना, बसा, ग्रंथपाल म्हणाले.
ढोलवाला झिपरू मान हलवत म्हणाला,
"आमले बठीसन वाजाडता येत नही, भाऊ."
मग बसले, खुर्चीच्या टोकावर,
गाडी सुटायची आहे अशा बेताने.

कूलर फार घरघरत होता. बंद केला.
मे महिना. कुणी काही बोललं नाही.

वाजवू लागले तसे बारा जणांचे पाय
जागच्या जागी चालू लागले.
सवयीने एकाने दहाची नोट काढली,
ओवाळायला समोर कुणी नाचत नव्हतं,
त्याने ती दुमडून वरच्या खिशात ठेवली
आणि नंतर दोनदा चाचपली.

क्लॅरिनेट चढलं. मला माहीत होतं तिथवर चढलं.
गिरणी आली.
मी खुर्चीची कड धरली.

ते वर गेलंच नाही.
खाली उतरलं,
आडात बादली सोडावी तसं, हात न घाई करता,
आणि पाण्याला लागल्यावर तिथेच राहिलं.
माझ्या एकाही शेवटात हे नव्हतं.
यावर कोण नाचणार होतं?
तरी इतकी वर्षं, गिरणीच्या पलीकडे,
कोष्टीवाड्याच्या बंद दारांपुढे
हे लोक हे वाजवत गेले होते.

मग अडचण झाली.
मांडव येईना.
मास्तरांनी दाराकडे पाहिलं, हात वर करणारं कुणी नव्हतं.
पुन्हा एक फेरा. पुन्हा पाहिलं.
घाम नाकावरून क्लॅरिनेटवर.
ट्रम्पेटवाला पोरगा डोळ्यांनी विचारत होता,
आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं,
चालत गेल्याशिवाय त्यांना कधी संपवावं लागलं नव्हतं.

भिंतीपाशी सुपडाबाई बसली होती,
वरातीत डोक्यावर बत्ती धरणारी.
आज बत्ती नव्हती. चुंबळ मात्र आणली होती,
मांडीवर धरून बसली होती, मांजर धरावं तशी.
ती उठली.
दोन पावलं पुढे आली,
वाकली,
आणि चुंबळ हळूच फरशीवर ठेवली.

बँड थांबला.

टाळ्यांच्या आधी कुणीतरी कूलर लावला.