गाभा मिळाला नाही

सावर्ड्याच्या पुढे, बंद वजनकाट्याच्या मागे
पत्र्याची शेड. तिच्यात चारशे लाकडी पेट्या,
पेटीत पाच खण, खणात दगडाचे दंडगोल,
मनगटाएवढे.
खाण थांबली तेव्हा चाव्या कुष्टा वेळीपकडे राहिल्या,
आणि शेडमध्ये त्याच्या कोंबड्या.

मी यादी करायला आले आहे.
एका हातात भिंग, दुसऱ्यात पाण्याची बाटली.
ओला केला की दगड बोलतो;
कोरडे असले की सगळेच करडे, सरकारी.

फॉर्मवर छापलेलंच आहे: भूभाग – स्थिर.
खरंय. अडीच अब्ज वर्षांचं हे कवच
कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.
डोंगर उभे राहायला दुसरीकडे जातात.
आमच्याकडे येते ती बातमी,
फार तर बशीत कप वाजतो.

पण छप्पन्न मीटरवर वाळू बारीक होत जाते:
खाली भरड, वर रवा, त्यावर पीठ,
मग अचानक पुन्हा भरड.
एकेक थर म्हणजे एकेक गढूळ लोंढा,
खाली बसलेला.
म्हणजे इथे खोलगट होतं. म्हणजे त्याआधी काहीतरी तुटलं,
एक बाजू उतरत गेली
नखाच्या वाढीपेक्षा हळू,
आणि नद्या येऊन तिच्यात ओतत राहिल्या.
भरलं तेवढं ओझं झालं,
ओझ्याने आणखी खचलं,
खचलं म्हणून आणखी मावलं.
परीक्षेत हे मी चार गुणांसाठी लिहिलं होतं.

कुष्टा विचारतो, "बाई, ही पेटी उलटी लागली काय?
वाऱ्यात रॅक पडलेला, मीच उचलून ठेवली."
उलटीच आहे. भरड वर आलंय.
कशीही ठेवा,
आपलं खाली कुठे, ते ह्याला माहीत असतं.
तो अंगठा फिरवतो कणांवर,
रेशनच्या तांदळातली कणी चाचपावी तसा.

त्रेसष्टाव्या मीटरला दगड संपतो.
लाकडी ठोकळा, त्यावर निळ्या पेन्सिलीने
बोस्त्यांव ड्रिलरचं तिरकं अक्षर:
६३.२० ते ६३.९० – गाभा मिळाला नाही.

भ्रंश.
दोन बाजूंनी एकमेकींना घासून घासून
जे पीठ केलं, ते पाण्याबरोबर
भोकातून वर आलं आणि पायवाटेवर सांडलं.
ज्याच्यामुळे एवढं सगळं साठलं
तेवढंच सत्तर सेंटिमीटर पेटीत नाही.

"त्या दिवशी काय शिव्या घातल्यान त्याने!
'हांगा फातर ना, फकत चिखल!'
दांडा अडकला, बिट आत राहिलं,
पात्रांवाने अर्धा पगार कापला."
कुष्टा थोडा थांबतो.
"खाणीने गावच्या बावी सुकवल्या, बाई.
तेच एक भोक अजून वाहतं.
माझ्या मिरच्या त्याच्यावर."

बोस्त्यांव आता कुठे?
मस्कतला होता. मग दवर्लीला मुलीकडे.
मग कुष्टालाही ठाऊक नाही.

आणि खण रिकामा नाहीच खरं तर.
मधल्या पट्ट्या निघाल्यात, गवत भरलंय,
गवतात तांबडी कोंबडी, खुडूक,
माझ्या भिंगाकडे एका डोळ्याने पाहणारी.
"तिला उठवू नका," तो म्हणतो, "चार दिवस राहिलेत."

मी ठोकळा होता तिथे ठेवते.
यादीत उतरवते बोस्त्यांवने लिहिलं तेच, त्याच आकड्यांत,
आणि फॉर्मच्या तळाशी, 'स्थिर'खाली,
माझी सही.

कोंबडी जराशी सरकते,
पोटाखाली काहीतरी नीट करते,
पुन्हा बसते.