बिनआवाजाची सावली

अंडी आनशीमावशीने दिली. तेरा.
तांदळाच्या कोंड्यात पुरून, पदराखालून आणली,
जणू वारखंडभर कुणाची नजर लागणार होती.
"मशीनीतली पिल्लं आणू नको हां," म्हणाली,
"त्यांना कुणी उकरायला शिकवलेलं नसतं."

कवडी खुडूक झालीच होती.
जुन्या हाऱ्यात पेंढा घातला,
बाजूला एक गंजका खिळा आणि कोळशाचा तुकडा,
गडगडाट अंड्यांना लागू नये म्हणून.
खरंखोटं मला ठाऊक नाही. खिळा घरात होता, ठेवला.
एकवीस दिवस मी बोटांवर मोजले,
तिने कशावर मोजले कोण जाणे.
अकरा फुटली.

तांबड्या भाजीचं सांगायचं राहिलं.
पदेराचा पोंवा ऐकून पाव घ्यायला बाहेर गेले,
परत येते तो वाफ्यात कवडी लोळतेय,
पंखांखालून माती उडवतेय,
आणि अकराही तिच्यासारखी करायला बघतायत.
भाजीचं एक रोप उभं नव्हतं.
शिव्या दिल्या, माहेरच्या होत्या तेवढ्या सगळ्या.

मग आमची समजूत झाली.
बी रुजेपर्यंत वाफ्यावर काट्या,
त्यांनी माडाच्या मुळाशी आणि वालीच्या मांडवाखाली फिरायचं.
भाजी उपटली की वाफा त्यांचा.
हुमणी, गोगलगायी, वाळवीची अंडी
सगळं निवडून खातात,
चार दिवसांत जमीन परत,
वर खतासकट.
(ते खत ओलं घालायचं नाही. माझ्या तीन मिरच्या जळल्या तेव्हा कळलं.)

मोपाला विमानं उतरायला लागली तेव्हापासून
एक लांब सावली दिवसातून कितीदा तरी
आमची कौलं, चिऱ्यांचा गडगा, केळी ओलांडून जाते.
घरकार तिथेच सामानाच्या गाड्या ओढतो.
सुट्टीच्या दिवशी अंगणात उभा राहून
विमानांच्या वेळा सांगतो, पाहुण्यांच्या सांगाव्यात तशा.

पहिला महिनाभर शेंदऱ्या दर सावलीला ओरडायचा.
घशातून लांब, खरवडल्यासारखा.
तेवढ्यात अंगण रिकामं.
अर्धी कवडीच्या पोटाखाली, अर्धी सुरणाच्या पानाखाली.
विमान जायचं. कुणाचं काही नेत नव्हतं.
हळूहळू तो मान वाकडी करून
एका डोळ्याने नुसता वर बघू लागला,
मग तेही नाही.
मीसुद्धा नारळ सोलताना वर बघायचं सोडलं होतं.

रविवार होता. सावली आली.
आवाज आला नाही.
फरक एवढाच, आणि तो कळेकळेपर्यंत
ती माडांच्या वर पोचली होती,
पायांत काहीतरी पिवळं.
कवडी तिच्यामागे उडाली.
गडग्याच्या वर, पेरूच्या फांदीपर्यंत.
कोंबडीला इतकं उडता येतं
हे तिलाही त्याआधी माहीत नसावं.

घरकार म्हणाला, म्हापशाहून हिरवी जाळी आणतो.
मावशी म्हणाली, "घारीला झेप घ्यायला जागा लागते.
तेवढी जागा भरून टाक."
मी बांबू पुरले. दोडकी लावली, कोहळा लावला,
गडग्यापासून पेरूपर्यंत सुंभ ताणलं.
वेल चढायला दीड महिना गेला.
त्यात आणखी एक पिल्लू गेलं. लपवत नाही.

आता नऊ आहेत. मांडवाखाली हिरवा अंधार असतो,
पिवळी फुलं गळतात, ती धावून खातात.
दोघांना तुरे फुटलेत,
त्यांच्याकडे बघत घरकार खोबरं भाजायची भाषा करतो.
मी अजून हो म्हटलेलं नाही.

शेंदऱ्या परत दर सावलीला ओरडतो.
मांडव असला तरी.
मी आदाळ्यावरून उठते, हात पुसत बाहेर येते,
वर बघते.
बहुतेक वेळा घरकाराचंच विमान असतं.